मखमलीवर इस्त्री

माझ्या मुलाला एक वाईट खोड आहे. बायकोचं काही चांगलं होताना त्याला बघवत नाही. तोंडानं म्हणणार, "कर की, मी कुठे अडवतोय?" आणि पायानं दार लोटून घेणार. गिऱ्हाइकं त्याला शेठ म्हणतात, कारण तो काउंटरमागच्या खुर्चीतून उठत नाही. आलेल्या कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचायची आणि मागे ढकलायचा, झालं त्याचं काम. मागे आम्ही दोघी, मी आणि सूनबाई.

मागे म्हणजे दहा पावलं लांब, चार पावलं रुंद. एका भिंतीला ड्रायक्लीनिंगचं यंत्र, दुसरीला इस्त्रीचं टेबल, डोक्यावर लोकांचे कोट लटकलेले. खिडकी आहे, पण पांढऱ्या कपड्यांवर काजळी बसते म्हणून आमच्या ह्यांनी ती खिळे ठोकून बंद केली. हे गेले, खिळे तसेच आहेत. चौतीस वर्षं मी तिथे उभी आहे. पाय सुजतात, यंत्रातल्या औषधाच्या वासानं घसा सुकतो. बाहेर पाऊस आहे की ऊन, ते मला आलेल्या कोटांचे खांदे चाचपून कळतं.

सूनबाईला नऊ वर्षं झाली. डागाचा नुसता वास घेऊन तो कशाचा ते सांगते. बोलणं मात्र आटत चाललं होतं. मी म्हणायची, "जीभ पण धुवायला टाकलीस का गं?" पूर्वी उलट उत्तर द्यायची. हल्ली हसायचीसुद्धा नाही.

नाटकमंडळींचे कपडे सांभाळणारी एक बाई आमच्याकडे येते. तिनं जांभळा मखमली झगा आणला, बाहीवर मेण सांडलेलं. सूनबाईला म्हणाली, "हा नीट करून दिलास तर तुला आमच्याकडेच कामाला घेते. मोठी खोली आहे, वरून उजेड येतो. गुरुवारी चारला येईन."

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघू." खोटं कशाला बोलू, मला ते नको होतं. ही गेली तर टेबलाशी कोण? मीच की.

तीन दिवस तिनं त्या झग्याचे लाड केले. मेण बर्फानं कडक करून नखानं उचललं, उरलेलं औषधाच्या थेंबांनी काढलं. मखमलीवर इस्त्री टेकवायची नसते, लव बसते आणि मरते. लांबून वाफ द्यायची आणि ब्रशानं लव उभी करायची. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात. शेठलाही शिकवलं होतं.

गुरुवारी आम्ही दोघी वर जेवायला गेलो. खाली आलो तर झगा टेबलावर पसरलेला आणि पाठीवर बरोब्बर मधे इस्त्रीचा ठसा, चकचकीत.

शेठ लगेच आत आला. "अरेरे! हिला म्हटलं होतं मी, घाई करू नकोस. जाऊ दे, चुकतो माणूस. इथे काय वाईट आहे तुझं?"

"आई, मी नाही हो," सूनबाई म्हणाली. बाहेरून कडी लागल्यावर माणूस दाराकडे बघतं, तशी त्या ठशाकडे बघत राहिली.

मी वाकून बघितलं. उजव्या हाताच्या माणसानं इस्त्री टेकवली की टोक डावीकडे झुकतं. हे टोक उजवीकडे झुकलेलं होतं. घरात डावखुरा एकच.

मी गप्प बसले असते तर सगळं माझ्या सोयीचं होतं. घड्याळाकडे बघितलं. सव्वातीन वाजले होते. मग म्हटलं, "सूनबाई, रडायचं नंतर. तो जुना मखमलीचा तुकडा काढ."

त्याच्या लवेवर झग्याची लव पालथी ठेवली, उलट्या बाजूनं वाफ दिली. मी ताणून धरलं, तिनं ब्रश फिरवला. पुन्हा वाफ, पुन्हा ब्रश. माझ्या बोटांना फोड आले. चारच्या ठोक्याला नखाएवढं टोक तेवढं उरलं, तेही तिरप्या उजेडात.

बाई आली, काउंटरवर ठेवलेल्या झग्याच्या पाठीवरून तिनं तळवा फिरवला आणि त्या टोकाशीच थांबली. "इस्त्री टेकली होती?"

"हो," सूनबाई म्हणाली.

"आणि लव उभी कुणी केली?"

"हिनं," मी म्हटलं.

बाई झगा पुन्हा उजेडात धरून बघत राहिली. "आमच्याकडे असे ठसे पडले की कपडा फेकून देतात. सोमवारी ये तू."

शेठ खुर्चीतून ताडकन उठला. "सोमवारी? आणि इथे इस्त्री कोण करणार?"

मी काउंटरच्या पुढे आले. गिऱ्हाईक समोर होतं, असू दे.

"तू करणार. इस्त्री टेकवलीस तू, डाव्या हातानं, आणि नाव घेतलंस बायकोचं. आता सोमवारपासून त्या टेबलाशी तू. मला दम लागतो तरी शिकवायला मी समोर उभी राहीन, कारण आपल्या माणसाला कोंडून ठेवणारा हा पोरगा मीच वाढवलाय. तुझ्याबरोबर मलाही सुटका नाही. चल, बाह्या वर कर आणि आत हो."