प्रिंटरची सुनावणी

नव्या राउटरमध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राला नाव देता येतं, म्हणजे आकड्यांचे पत्ते लक्षात ठेवावे लागत नाहीत, असं मुलीने वडिलांना सहज सांगितलं. वडील नावनोंदणी कचेरीत उपनिबंधक होते. राउटरचा पासवर्ड त्याच संध्याकाळी त्यांच्या ताब्यात गेला.

आडनाव सगळ्यांना एकच, 'घर'. टीव्ही डॉट घर झाला, आईचा शिवणकामाचा संगणक शिवण डॉट घर झाला. प्रत्येक नावाला हरकतीची मुदत होती.

"पोटच्या पोरीचं नाव ठरवायला वर्ष घालवलंत," आई म्हणाली. "यंत्रांना तरी ताटकळत ठेवू नका."

शुक्रवारी मुलीला तिची रेखाचित्रं छापून लिफ्टच्या कारखान्यात द्यायची होती. शिकाऊ उमेदवाराची एकच जागा, गेल्या वर्षी हुकलेली. पाचला तिथली अर्जांची खिडकी बंद. तिने छपाईचा हुकूम दिला आणि संगणकाने कळवलं, की प्रिंटर डॉट घर नावाचं कोणी इथे राहत नाही.

"बाबा, प्रिंटर कुठे गेला?"

"सकाळी त्याची नोंद रद्द केली. तो स्कॅनही करतो. एका इसमाची दोन कामं, दोन नावांची मागणी. सोमवारी सुनावणी आहे."

"मला आज छापायचंय!"

"तातडीची नोंद होते. पण त्याला जन्मापासून ओळखणारे दोन साक्षीदार लागतात."

आईने कात्री खाली ठेवली. "मी त्याला माझ्या हाताने खोक्यातून काढलंय. लिहा."

दुसरा साक्षीदार म्हणून शेजारचे घड्याळजी आले. चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "चांगलाच ओळखतो. माझा भाडेकरार यानेच चावला होता."

"म्हणजे वैर आहे. साक्ष पक्षपाती ठरेल."

"अहो, वैर असूनही आलोय, हे बघा ना!"

हा मुद्दा वडिलांना पटला. प्रिंटर डॉट घर मंजूर झालं. मात्र नोंद करताना त्यांनी कचेरीची शिस्त लावली: घरात जो आधी आला, त्याचा पत्ता आधीचा. प्रिंटर सर्वांत जुना, म्हणून त्याला पहिला क्रमांक.

पहिला क्रमांक खुद्द राउटरचा होता.

एकाच पत्त्यावर दोघे हक्क सांगू लागले. टीव्ही गोठला, आईचा संगणक मुका झाला. चूक दुरुस्त करायला वडील राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊ लागले, तर तेही उघडेना.

"वरिष्ठ कोण, हे ते आपसात ठरवतील," वडील म्हणाले.

"त्यांचं ठरेपर्यंत माझी खिडकी बंद होईल!" मुलीने प्रिंटरच्या खोक्याच्या तळातून केबल काढली, एक टोक प्रिंटरला खुपसलं, दुसरं संगणकाला. चित्रं बाहेर येऊ लागली.

"बिननावाने छापतोय?" वडिलांनी विचारलं.

"शेजारी बसलेल्याला हाक कशाला मारायची, बाबा?" कागद गुंडाळून ती पळाली.

पाच वाजून गेले. कारखान्यातून ती फोन करणार होती. घराच्या गल्लीत मोबाइलला रेंज नव्हती, घरचा फोन राउटरवरूनच चालायचा, आणि राउटरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"मागचं बटण दाबा," आई म्हणाली. "सगळं पहिल्यासारखं होईल."

"सगळी नावं पुसली जातील. मंजूर झालेली. सुनावणी न घेता?"

"पोरीचं काय झालं, ते कळायला नको?"

वडील राउटरपुढे बसले. बटण भोकाच्या आत होतं. आईने पदरातली टाचणी काढून पुढे धरली. घड्याळजी म्हणाले, "मी बाहेर जाऊ का? साक्षीदार नको असेल तर..."

वडिलांनी टाचणी आत घातली आणि दाबून धरली. दिवा विझला. टीव्ही, शिवण, प्रिंटर, सगळे एका दमात बेवारस झाले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग दिवा हिरवा झाला आणि जरा वेळाने फोन वाजला.

वडिलांनी उचलला. पलीकडे यंत्रांची घरघर आणि धापा.

"मी बोलतेय. घेतली चित्रं. सोमवारी कामावर हजर व्हायचंय."

फोन करणाऱ्याने आधी पूर्ण नाव सांगावं, हा वडिलांचा नियम होता. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं.