केकखालचे बेचाळीस कागद

१९६८ सालच्या डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी सेलेस्टिनबाय चर्चमधल्या मिस्साहून उठली ती घरी न जाता थेट भट्टीवर आली. रुडॉल्फ पाव मोजून टोपलीत भरत होता. ती त्याची थोरली बहीण. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "रुडू, टेरेझाचा नमुना काढ. आज हात लावला तरच नाताळपर्यंत तारा होईल."

रुडॉल्फ हात पुसत आत गेला. भट्टी आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. तो स्टुलावर चढला आणि कपाटावर हात फिरवला. धूळ लागली, एक मोडकी छत्री लागली, नमुना लागला नाही. नमुना कुठे गेला हे त्याला तिथे स्टुलावर उभ्या उभ्याच आठवलं. तो त्याने स्वतःच कापला होता. कापून, वर तूप फासून, केकखाली घातला होता.

तो खाली उतरला नाही. बऱ्याच वेळाने सेलेस्टिनबाय आत आली आणि म्हणाली, "काय, वरच राहायला गेलास?"

तेव्हा त्याने सांगितलं.

तारोडी गावातल्या क्रूसाशेजारी दर नाताळात बांबूला एक मोठा कागदी तारा लागायचा. बारा वर्षं तो टेरेझा करत होती, म्हणजे रुडॉल्फची बायको. चण्याच्या पुडीसारखी सोळा टोकं, आठ मोठी, आठ लहान, मधल्या एका गोलावर सगळी चिकटवायची. प्रत्येक टोकाचं माप अर्ध्या इंचाने चुकलं तरी शेवटचं टोक बसायला जागा उरत नसे. म्हणून तिने ती मापं एकदा नीट काढून ठेवली होती. कागद भट्टीतल्याच रोलचा, केकच्या साच्यांत घालतात तो जाड खाकी कागद. तीन फूट रुंद आणि साडेतीन फूट लांब तुकडा तिने तोडून घेतला होता आणि त्यावर पेन्सिलीने सगळं आखलं होतं. काम झालं की ती त्याचं भेंडोळं करायची, सुतळी बांधायची आणि कपाटावर टाकायची. रुडॉल्फने तो कागद उघडलेला कधी पाहिला नव्हता. त्याच्या हाताला कायम तूप आणि पीठ, त्यामुळे ती त्याला जवळ फिरकू देत नसे. त्याचं काम एवढंच, की तारा लावताना शिडी धरायची.

त्या पावसाळ्यात टेरेझा काविळीने गेली.

नोव्हेंबरात गावातल्या मायकेलचं लग्न होतं. मायकेल बोटीवर नोकरीला, चार देश पाहून आलेला. त्याच्या मनात आलं की लग्नात प्रत्येक घराला एक-एक छोटा अख्खा केक द्यायचा. बेचाळीस घरं, बेचाळीस केक, सहा-सहा इंचांचे. रुडॉल्फने हो म्हटलं. केक भाजायच्या दिवशी सकाळी त्याचा भट्टीवरचा माणूस बाबाजी म्हणाला, "शेठ, रोल संपला. साच्यात घालायला कागद न्हाई."

बाबाजी रत्नागिरीकडचा, रुडॉल्फपेक्षा दहा वर्षांनी मोठा. पीठ मळावं ते त्यानेच आणि टोमणा मारावा तोही त्यानेच.

रुडॉल्फला कपाटावरचं भेंडोळं आठवलं. बेकरीवाल्याला खाकी कागद म्हणजे साच्याचा कागद. दुसरं काही त्याच्या डोक्यातच येत नाही. त्याने सुतळी सोडली आणि कागद टेबलावर पसरला.

"शेठ, याच्यावर रेघा हायत," बाबाजी म्हणाला.

"रेघांनी केक कडू होतो काय?"

"कोणीतरी काढल्यात म्हणून म्हनतो."

"मग रेघांची बाजू खाली घाल. शिसं केकला लागायला नको."

साचा ठेवून, खिळ्याने गोल ओढून, रुडॉल्फने त्या कागदातून सहा-सहाच्या सात ओळी कापल्या. बरोबर बेचाळीस झाले. कागद इतका बरोबर पुरला म्हणून तो त्या दिवशी खूषही झाला होता. गोलांच्या मधली उरलेली कातरं भट्टीत गेली.

हे सगळं ऐकून झाल्यावर सेलेस्टिनबाय खाटेवर बसली.

"माझा भाव हायस म्हणून झाकून ठेवीत न्हाय," ती म्हणाली, "पण तुझ्याएवढा येडा सगळ्या तारोडीत न्हाय."

"मी बोललो होतो, रेघा हायत," बाबाजी दारातून म्हणाला.

"तू गप रे."

"बोललो होतो एवढंच सांगतो."

संध्याकाळी मायकेल आला. त्याला वाईट वाटलं होतं, कारण केकची कल्पना त्याची. तो म्हणाला, "अंकल, वांद्र्याला तयार तारे मिळतात. बल्बवाले. मी उद्याच आणतो, माझ्याकडून."

"नको," रुडॉल्फ म्हणाला.

"मस्त असतात."

"असतील. क्रूसाजवळ टेरेझाचा तारा लागेल, न्हाय तर काही लागणार न्हाय. ती जाऊन चार महिने झाले. यंदाच तारा न्हाय म्हटलं तर लोक म्हणतील, बाई गेली, तारा गेला."

दुसऱ्या दिवशी त्याने आठवून-आठवून सोळा टोकं कापली. बारा वर्षं शिडी धरून वर बघितलं होतं, तेव्हा जमेल असं त्याला वाटलं. तेरा टोकं बसली. तीन हातात उरली. बसलेली तेराही कुठे लांब, कुठे बुटकी.

बाबाजीने गोळा हातात धरून सगळीकडून पाहिला. "फणस बेस झालाय शेठ. नाताळात फणस कोण लावत न्हाई एवढंच."

रुडॉल्फला हसू आलं. ऑगस्टनंतर तो पहिल्यांदा हसला असेल, आणि ते बाबाजीच्याही लक्षात आलं, कारण तो मग आणखी दोन-तीनदा फणस म्हणाला.

फणस मोडताना रुडॉल्फच्या डोक्यात आलं, की केक खाल्ले तरी कागद कोणी खाल्ला नसेल. तारोडीत तुपाचा कागद कोणी फेकत नाही. त्याला दहा उपयोग असतात. आणि रेघा खालच्या बाजूला होत्या, केकला लागलेल्या नव्हत्या. म्हणजे त्या असणार.

त्याने मायकेलकडून केक दिलेल्या घरांची यादी मागून घेतली. पहाटेचे पाव काढले, भट्टी बाबाजीवर सोपवली आणि सायकल काढली.

पहिल्याच घरी त्याला विचारता येईना. बायको मेलेला माणूस दारात उभा राहून म्हणतो, "केकखालचा कागद हाय काय?" त्या घरच्या बाईला वाटलं, माणूस दुःखाने फिरला. तिने त्याला बसवलं आणि पेज दिली. पेज पिऊन झाल्यावर त्याने नीट समजावलं, तेव्हा तिने फळीवर अंथरलेला कागद मिठाच्या डब्याखालून काढून दिला. त्यावर एक तिरपी रेघ होती आणि टेरेझाच्या हातचा सातचा आकडा. ती साताला आडवी काडी मारायची.

मग त्याला धीर आला. दुपारपर्यंत नऊ कागद झाले. एकाने सुके बोंबील गुंडाळले होते. एका बाईने कपड्यांच्या पेटीत ठेवला होता, केकचा वास येतो म्हणून. शेवटच्या गल्लीतल्या म्हातारीने रॉकेलच्या चिमणीला वाऱ्याचा आडोसा म्हणून लावला होता. तूप प्यालेला कागद उजेडात आरपार दिसतो, तशी त्यातून पेन्सिलीची रेघ अगदी स्पष्ट दिसत होती. म्हातारी म्हणाली, "मी रोज बघते ती रेघ. मना वाटलं केकवाल्याची खूण असंल."

एके ठिकाणी डुकराने खाल्ला होता. घरमालक डुकराकडे बोट दाखवून म्हणाला, "नाताळात कापायचाच हाय. तवर थांब."

"तवर कागद राहील काय पोटात?"

"न्हाय राहायचा," तो म्हणाला, आणि दोघेही काही वेळ डुकराकडे बघत राहिले.

यादीत एक नाव गावाबाहेरचं होतं. मायकेलचा मित्र धर्माजी, राहायला पेणकरपाड्याला. बुधवारी रुडॉल्फ भाईंदरवरून सायकल हाणत तिकडे गेला. धर्माजी कामावर होता. त्याची बायको सुगंधा अंगणात तांदूळ निवडत होती. कागद तिने लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधला होता.

"कागद नेताय तर न्या," ती म्हणाली, "पण बरणी उघडी ठेवू काय मी? माश्यांना आमंत्रण?"

रुडॉल्फने खिशातला रुमाल काढला.

"धुतलेला हाय ना?"

"सकाळी धुतला."

"बायकोने?"

"मी."

सुगंधाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तिने रुमाल घेतला, बरणीला बांधला, आणि एका वाटीत लोणचं काढून त्याला दिलं. "वाटी परत आणा सावकाश. घाई न्हाई."

शनिवारपर्यंत एकतीस कागद जमले. अकरा गेले ते गेलेच. रविवारी दुपारी भट्टी थंड असते. पीठ मळायचं मोठं टेबल बाबाजीने घासून कोरडं केलं आणि त्यावर ते गोल मांडायला घेतले. सेलेस्टिनबाय, बाबाजी, रुडॉल्फ, आणि मायकेल आपल्या नव्या बायकोला घेऊन आलेला. गोल कागदाला वर-खाली नसतं, त्यामुळे प्रत्येक गोल फिरवून फिरवून रेघेला रेघ लावावी लागत होती. एकाने जुळवलं की दुसऱ्याची बाही लागून सरकायचं. मायकेलच्या बायकोची नजर सगळ्यांत तयार. ती काही बोलायची नाही, नुसती बोटाने गोल जरा फिरवायची आणि रेघ पुढे चालू व्हायची.

"शिक," सेलेस्टिनबाय मायकेलला म्हणाली. "चार देश फिरून काय केलंस?"

टेरेझाने रेघांच्या कडेला शब्दही लिहिले होते. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं. 'ही बाजू आत.' 'खळ पातळ.' 'बांबू ओला नको.' तिने हे लिहून ठेवलंय हे रुडॉल्फला माहीत नव्हतं. एकेक वाचून झालं की तो ते पुन्हा वाचायचा.

ताऱ्याचा मधला गोल आखला होता, त्याच्या कडेला एक जागा रिकामी होती. तिथे पेणकरपाड्याचा कागद बसला. त्याला लोणच्याचा पिवळा डाग होता. डागाखाली लिहिलेलं सेलेस्टिनबायने जवळ घेऊन वाचलं, आणि ती वाचताना थांबली.

"काय लिवलंय?" बाबाजीने विचारलं.

"'इथे रुडूला हात लावू देऊ नये.'"

आधी बाबाजी हसला. त्याला हसू दाबता येत नसे. मग मायकेल, मग त्याची बायको तोंडाला पदर लावून. सेलेस्टिनबाय हसता हसता डोळे पुसायला लागली. रुडॉल्फने दोन्ही हात टेबलावरून उचलून मागे घेतले, तसं सगळ्यांना आणखीच हसू आलं.

"बारा वर्षं शिडीच का धरायला दिली ते आज कळलं," तो म्हणाला. तोही हसतच होता.

एकतीस गोल सेलेस्टिनबायने जुन्या चादरीवर टाके घालून शिवले, म्हणजे ते पुन्हा हलायला नकोत. हरवलेल्या जागी आणि मधल्या फटींत पट्टी धरून रेघा जोडल्या. टोकाची एक बाजू असली की दुसरी तिच्यावरून काढता येत होती. भाईंदरहून पतंगाच्या कागदाचे ताव आणले, लाल आणि पांढरे. मैद्याची खळ बाबाजीने शिजवली, पातळ. टोकं मायकेलच्या बायकोने कापली. सोळावं टोक बसवायची वेळ आली तेव्हा सगळे टेबलावर वाकले. ते बसलं. थोडं दाबावं लागलं, पण बसलं.

चोवीस तारखेला ऊन कलल्यावर तारा क्रूसाशेजारी चढवला. रुडॉल्फने शिडी धरली. वर मायकेल होता. खाली जमलेल्यांपैकी अर्ध्या लोकांना आपला कागद त्यात आहे असं वाटत होतं आणि ते एकमेकांना आपलं टोक दाखवत होते. डुकराचा मालक म्हणत होता, त्याचा कागद असता तर तारा याहून सरळ झाला असता. त्याला बाबाजी म्हणाला, "तुमचा आम्ही उद्या जेवणार हाय."

सणाच्या दुसऱ्या दिवशी सेलेस्टिनबायने चादर घडी करून रुडॉल्फच्या हातात दिली. "याला तुपाचा वास हाय. उंदीर सोडणार न्हाय. नवा कागद आण आणि एकदा सगळं त्याच्यावर उतरवून घे. शब्दसुद्धा."

"घेतो," रुडॉल्फ म्हणाला.

जानेवारीत त्याने नवा रोल आणला. पहिले साडेतीन फूट तोडून बाजूला ठेवले, पेन्सिलीला टोक केलं, चादर टेबलावर पसरली आणि कागद वर धरला. कागद वर आला की टेरेझाची अक्षरं दिसेनाशी होत होती. त्याने कागद काढला आणि चादर पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं.

तेव्हापासून तीन तारे त्या चादरीवरूनच कापले. सेलेस्टिनबाय दर वेळी विचारते. नमुना नव्या कागदावर उतरवायचा अजून राहिला आहे.