माझं चौथं उद्घाटन

मित्रांनो, मी एक जुना हातपंप आहे. ग्वापे गावच्या बाजारात मी उभा आहे. माझ्या अंगावरचा रंग नखाने खरवडलात तर आधी नारिंगी निघेल, मग निळा, मग पांढरा, मग हिरवा, आणि त्याखाली कुठेतरी मी सापडेन. प्रत्येक रंगाच्या दिवशी माझी फीत कापायला एकच माणूस आला. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला माझी सांगता येत नाही, याचीच मला शिसारी येते.

मला काडुना शहरातल्या ओतशाळेत ओतलं. तेव्हा देशावर लष्कराचं राज्य होतं. ग्वापेचाच इशाया तुकुरा नुकता कॅप्टन झाला होता. त्याने लष्कराचं बोअरचं यंत्र गावात आणलं आणि खडक फोडून खोल पाणी काढलं. मला बसवलं, हिरवा रंग दिला. बाह्या सरसावून त्याने स्वतः दांडा मारला. गावातली असाबे तेव्हाही म्हातारीच होती. ओंजळभर गार पाणी पिऊन ती म्हणाली, "बाई गं, दात असते तर कळवळले असते!" सगळं गाव हसलं. कॅप्टनही हसला. खरं सांगतो, त्या दिवशी तो मला आवडला होता.

काही वर्षांनी तो कर्नल झाला, राज्याचा लष्करी प्रशासक झाला, आणि भोंगे वाजवत गाड्यांचा ताफा घेऊन आला. मला पांढरा रंग लागला. 'नवीन पाणीपुरवठा' अशी संगमरवरी पाटी लागली. बायका तोंडावर हात ठेवून हसत होत्या. "नवीन म्हणे! मग हा कोण? ह्याचा जुळा भाऊ?"

पुढे लष्कराचं राज्य गेलं, निवडणुका आल्या. तुकुराने गणवेश उतरवला आणि घोळदार पांढरा झगा चढवला. तो संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आला. मला निळा रंग लागला, दुसरी पाटी लागली. तोवर माझ्या आतला चामड्याचा वायसर झिजून गेला होता. दांडा मारला की आधी गंजाचं पाणी यायचं, मग नुसती हवा. गावकऱ्यांनी हात जोडून सांगितलं, तेवढा वायसर बदलून द्या. तुकुराचा कंत्राटदार म्हणाला, "वायसरवर पाटी कुठे लावणार?"

वायसर बदलला नाही. बायका पुन्हा लांबच्या ओढ्यावर जाऊ लागल्या. मुलं आजारी पडायची, त्यांच्या आया माझ्यासमोरून त्यांना पाठीला बांधून दवाखान्याकडे धावायच्या. मी रंगीत उभा होतो. कोणी माझ्या दांड्याला बकरी बांधायचं, कोणी माझ्यावर थुंकायचं. थुंकणाऱ्यांचा मला राग येत नसे.

आता तुकुरा सिनेटमधला मोठा माणूस झाला आहे, पाणीपुरवठा समितीचा अध्यक्ष आहे. या वर्षी माझ्या चौथ्या उद्घाटनाचा निरोप आला. उद्घाटनाच्या सकाळी कंत्राटदाराची माणसं आली. त्यांनी मला नारिंगी रंग फासला, माझी बोअरची जोडणी तोडली, शेजारी खड्डा खणून टाकी पुरली, तिची नळी माझ्या पोटात घातली आणि टँकरने टाकी भरली. इतक्या वरचं पाणी झिजलेल्या वायसरलाही ओढता येतं.

तालातु तेव्हा मुलीला पाठीला बांधून बाजार झाडत होती. तिची लामी नुकतीच जुलाबातून वाचली होती, मान अजून लुळी होती. झाडू थांबवून तालातुने विचारलं, "हे पाणी कुठलं हो?"

"स्वर्गातलं," एक जण म्हणाला.

"स्वर्गात गुरं बसतात वाटतं पाण्यात? शेण तरंगतंय."

"तुला काय करायचंय? आज फोटोपुरतं आलं म्हणजे झालं."

मित्रांनो, मला ओकता येत असतं तर मी तेव्हाच ओकलो असतो. गुरांच्या डबक्याचं पाणी माझ्या पोटात होतं आणि माझ्या गळ्यात झेंडूचे हार पडत होते.

दुपारी ढोल वाजले. तुकुरा आला, झग्याच्या बाह्या खांद्यावर टाकत, सगळ्यांचे हात हातात घेत. मग गाडीआड गेला. तिथे त्याच्या हाताखालच्या शिपायाने, बाकोने, बाटलीतलं पाणी ओतून त्याचे हात धुतले. बाको कॅप्टनच्या काळापासून त्याच्याजवळ होता.

फोटोवाला तालातुला म्हणाला, "बाई, घडा डोक्यावर घ्या. छान दिसतं."

"आमच्यात ओझं खांद्यावर घेतात. डोकं म्हणजे राजा. राजाला हमाल करू?"

तुकुरा हसून म्हणाला, "घे गं पोरी. राजधानीत असंच आवडतं."

असाबे काठी टेकत पुढे आली. "इशाया, तुझ्या आईच्या खांद्याला घट्टा होता. विसरलास? की तोही रंगवलास?"

लोक खुसखुसले. तुकुराने ऐकलं नसल्यासारखं करून फीत कापली, दांडा मारला. पाणी आलं, टाळ्या पडल्या. त्याने भोपळ्याची वाटी भरून घेतली आणि कॅमेऱ्यांकडे तोंड करून म्हणाला, "पहिला घोट ग्वापेच्या लेकराला! आण ती मुलगी इकडे."

तालातु हलली नाही. तिने लामीचे पाय घट्ट धरले. "साहेब, आपल्यात देणारा आधी पितो. ज्वारीची दारू असो की पाणी. आधी तुम्ही प्या."

ढोल थांबला. ही रीत तुकुरालाही माहीत होती. ती मोडणाऱ्याच्या हातचं आमच्याकडे कोणी घेत नाही. त्याने वाटीत पाहिलं. त्याच्या नाकपुड्या आक्रसल्या. त्याला वास आला होता, आणि वास आला हे मला दिसलं होतं. त्याने मान न वळवता वाटी मागे धरली.

"बाको, पी."

बाकोने टाचा जुळवल्या आणि वाटी रिकामी केली. टाळ्या! तुकुराने वाटी पुन्हा भरली. "बघितलंस? आता आण."

"मी देणाऱ्याला प्या म्हणाले. हे देणारे नाहीत."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, आवाज मात्र कॅप्टनचा झाला. "हात काढ." आणि त्याने वाकून वाटी लामीच्या ओठांशी नेली. तालातुने झटक्यात हात मारला. वाटी उडाली. पांढऱ्या झग्यावर हिरवट पाणी ओघळलं आणि घाण वास पहिल्या रांगेपर्यंत गेला.

"अगं, वेड लागलं का तुला?" गावचे मुखिया ओरडले.

तालातुने लामीला पाठीवर सावरून घेतलं. रिकामा घडा खांद्यावर घेतला आणि ओढ्याच्या वाटेला लागली. तिच्यामागे असाबे गेली, मग एकेक करत साऱ्या बायका गेल्या. कॅमेऱ्यांपुढे भाड्याने आणलेली माणसं तेवढी टाळ्या वाजवत राहिली. पाटी लागली. ताफा धूळ उडवत गेला.

बाको मागे राहिला होता. पोट धरून तो माझ्या चौथऱ्यावर बसला होता, त्याच्यासाठी कोणी गाडी थांबवली नव्हती. ओढ्यावरून परतलेल्या तालातुने पाणी उकळलं, त्यात मीठ-साखर घालून त्याच्यासमोर ठेवलं. आधी स्वतः घोटभर प्यायली.

"हुकूम होता, ताई," बाको खाली बघत म्हणाला.

"हुकूम मलाही होता," तालातु म्हणाली.

मित्रांनो, खडकाखाली माझं खरं पाणी अजून आहे. ते आटलेलं नाही, बाटलेलं नाही. मला रंग नको, हार नको, पाचवं उद्घाटन तर मुळीच नको. कोणीतरी पाना घेऊन या, मला उघडा, आतलं झिजलेलं बदला. आणि तोवर कोणी थाटामाटाने तुमच्या तोंडाशी वाटी आणली, तर वाटीत बघू नका. ती धरणाऱ्याच्या नाकपुड्यांकडे बघा.