लोयझाचा चिखल

“लोयझा! बाटल्या कुठायत माझ्या? यान काय रिकामं पाठवू?”

टेबलाच्या एका टोकाला बसून रादिम ओरडला आणि दुसऱ्या टोकाला बसलेला माझा नवरा म्हणाला, “येतायत मुकादम, येतायत.” दोघांमध्ये अंतर एवढंच की हात लांबवला तर मिठाची बाटली देता यावी. तरी दोघांनीही कानांवर ते काळे हेडफोन चढवले होते आणि ओरडणं असं चाललं होतं, जणू मधे अख्खी पोलादाची रोलिंग मिल धडधडते आहे.

मिल बंद होऊन काही वर्षं झाली होती. आता तिथे आवाज फक्त कबुतरांचा.

मी गुलाशच्या रश्श्यासाठी कांदा चिरत होते. बाहेर बेस्किदीच्या डोंगरावर सप्टेंबरचं कोवळं ऊन पडलं होतं. जंगलात अळंबी उगवली होती आणि निम्मं ओस्त्रावा शहर टोपल्या घेऊन तिकडे लोटलं होतं. ही तीन थोराड माणसं मात्र रादिमच्या या डोंगरातल्या लाकडी घरात पडदे ओढून बसली होती. ऊन आलं की स्क्रीनवरचं दिसत नाही म्हणे. वर्षातून एकदा हे तिघे इथे जमतात. एरवी दर शनिवारी आपापल्या घरून खेळतात, जमले की शेजारी शेजारी बसून खेळतात. फरक काय, तर इथे स्वयंपाकाला मी असते. लोयझाला डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नाही, म्हणून मी त्याला घेऊन येते आणि आलेच आहे तर भांडी घासते.

ज्या कारखान्याने यांना हाकलून दिलं, तसलाच कारखाना यांनी कॉम्प्युटरमध्ये उभा केला आहे. पगार नाही, सुट्टी नाही, युनियन नाही. मुकादम मात्र आहे. मिलमध्ये रादिम यांचा मुकादम होता, इथेही तोच. हे कुणी ठरवलं असं मी एकदा लोयझाला विचारलं, तर तो म्हणाला, “ठरवायचं काय त्यात?”

खेळ असा की हे तिघे परक्या ग्रहांवर जाऊन पडलेत आणि तिथे कारखान्यांमागून कारखाने बांधायचेत. एका ग्रहावर लोखंड, तो रादिमने स्वतःकडे ठेवला. एकावर तापलेला लाव्हा, तो गुस्तावला दिला. गुस्ताव क्रेनवर होता, भट्टीच्या वर बसायची त्याला सवय. आणि एकावर नुसती दलदल, ती लोयझाला. “कुणीतरी तिथे जायलाच हवं ना,” रादिम म्हणाला होता. मिलमध्ये ॲसिडच्या हौदावर पाठवतानाही तो हेच म्हणाला होता. तेव्हा लोयझा गेला, तो मिल बंद होईपर्यंत तिथेच राहिला आणि खोकला घेऊन घरी आला. इथेही गेला.

त्या ग्रहाला काहीतरी नाव आहे. आमच्या घरात त्याला चिखल म्हणतात. एकदा मी मागून वाकून पाहिला. आजारी माणसाच्या जिभेचे असतात तसले रंग, घोटाभर पाणी आणि फुगलेली झाडं. त्या झाडांची फळं तोडायची, त्यांचा लगदा करायचा, त्या लगद्यापासून यंत्रांचं खाद्य करायचं. होय, तिथली यंत्रंसुद्धा खातात. आणि सगळं कुजतं. फळं कुजतात, लगदा कुजतो, खाद्य कुजतं, शेवटी ज्यांच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, त्या रादिमला संशोधनासाठी पाठवायच्या बाटल्याही यानात चढेपर्यंत जुन्या होतात. वर या बाटल्या करणाऱ्या यंत्रांना अंडी लागतात. ती वेळेत वापरली नाहीत तर फुटतात आणि आतून लांब तंगड्यांची जनावरं निघून सगळं तुडवतात.

मी शहराच्या पोरुबा भागातल्या एका सुपरमार्केटमध्ये भाजीच्या विभागात आहे. रोज सकाळी पिवळी पडलेली कोबीची पानं आणि बुरशी आलेली स्ट्रॉबेरी टाकायची, हे माझं काम. त्याचे पैसे मिळतात म्हणून मी ते करते. माझा नवरा तेच काम हौस म्हणून करतो, हे ऐकून माझ्या दुकानातल्या बायका इतक्या हसल्या की एकीला खाली बसावं लागलं.

“दुप्पट तोड,” रादिम म्हणाला. “आज यान भरून निघालं पाहिजे. हात आखडून काम करतोस तू.”

“दुप्पट तोडलं तर खपणार नाही, मुकादम. पट्ट्यावर साठेल. साठलं की कुजेल.”

“मग यंत्रं वाढव.”

“यंत्रं वाढवली की अंडी जास्त लागतात. ती जर—”

“मिलमध्ये पण तुझं हेच रडगाणं. हे नको, ते फुटेल, ते गळेल. अरे, तुझं ऐकलं असतं तर मिल दहा वर्षं आधी बंद पडली असती!”

गुस्ताव खो खो हसला. गुस्ताव कशालाही हसतो. मिल बंद झाल्याची नोटीस लागली तेव्हाही तो हसलाच होता, आणि मग सायकल तिथेच विसरून चालत घरी गेला होता.

“बरं मुकादम,” लोयझा म्हणाला.

माझ्या हातातली सुरी थांबली. लग्न झाल्यापासून मी हे ‘बरं मुकादम’ ऐकत आले आहे. रविवारी कामावर बोलावलं, बरं मुकादम. हातमोजे संपलेत, जुनेच वापर, बरं मुकादम. तेव्हा निदान घरात पाव यायचा. आता हा माणूस एका शाळेत शिपाई आहे, मुलांनी तुंबवलेले नळ मोकळे करतो, पेन्शनची वाट पाहतो. रादिम त्याला कामावरून काढू शकत नाही, बढती देऊ शकत नाही, त्याचं काहीही वाकडं करू शकत नाही. तरी मान खाली घालून ‘बरं’. माझ्या मनात आलं, या माणसाला मालक नसेल तर तो बाजारातून विकत आणेल.

त्याने दुप्पट तोडणी लावली. मी गुलाश झाकून ठेवला आणि क्नेदलिकीचे पिठाचे गोळे उकडायला टाकले.

जेवताना रादिमने प्रत्येकाच्या पेल्यात आलुबुखाराची दारू ओतली आणि भाषण केलं. आज आपलं यान शेवटच्या टप्प्यावर निघेल, एवढी मजल मारणारे आपल्या भागात मोजकेच, वगैरे. क्नेदलिकीचा तुकडा रश्श्यात बुडवत तो माझ्याकडे वळला.

“व्लास्ता, तुझा नवरा काय ग्रह सांभाळतो ते बघत असतेस की नाही?”

“बघते ना,” मी म्हटलं. “घरचा नळ गळतोय, तोही बघते.”

गुस्ताव हसला. लोयझाही कसंनुसं हसला, आणि त्याच वेळी त्याच्या कॉम्प्युटरमधून टुंटुं असा धोक्याचा आवाज यायला लागला. तो चमचा टाकून धावला. पट्टे फळांनी गच्च भरले होते आणि भरल्या जागी काळे पडत होते. खाद्य पुढे जाईना, म्हणून यंत्रं उपाशी. यंत्रं उपाशी, म्हणून अंडी तशीच पडून. ती एकामागून एक फुटली. ताडमाड जनावरं त्याच्या कारखान्यातून झुलत चालली आणि जिथे पाय ठेवतील तिथलं सपाट होऊ लागलं. लोयझा बोटं आपटत राहिला. दोन घास खाईपर्यंत काही उरलं नाही.

रादिम उठून त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. तोंडातला घास नीट चावून गिळला.

“शाब्बास,” तो म्हणाला. “गुस्ताव, ये बघायला. एक काम दिलं होतं माणसाला. एक! फळं तोडायची. माकडालासुद्धा जमतं ते. माकडाला शिकवावंही लागत नाही.”

“तुम्हीच म्हणालात दुप्पट—”

“मी म्हणालो! मी म्हणालो सांभाळ. व्लास्ता, खरं सांग, कसं काढलंस गं याच्याबरोबर आयुष्य?”

उत्तर माझ्याकडे होतं आणि ते रादिमच्या बाजूचं होतं, म्हणूनच दिलं नाही. नवऱ्याला नावं ठेवायचा हक्क मी कमावला आहे. रादिमने नाही.

खेळात एक सोय असते. सगळं बिघडलं तर आधी साठवून ठेवलेला डाव परत लावता येतो. रादिमने सकाळचा डाव लावला. जनावरं नाहीशी झाली, पट्टे पुन्हा सरकू लागले, झाडं होती तशी उभी राहिली. आमची मिल कुणाला अशी परत लावता आली नाही.

“चल,” रादिम खुर्चीत बसत म्हणाला. “पुन्हा दुप्पट. आणि या वेळी जेवायला उठायचं नाही. डोळ्यात तेल घालून बसायचं.”

लोयझाने हातात घेतलेले हेडफोन परत टेबलावर ठेवले.

“नाही, रादिम.”

मी वळून पाहिलं ते ‘नाही’मुळे नव्हे. ‘रादिम’मुळे. गुस्तावचं हसू तोंडातच राहिलं.

“काय म्हणालास?”

“जेवढं खपेल तेवढंच तोडीन. तुला जास्त हवं असेल तर तू ये आणि तोड.”

रादिमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “हा डाव माझा आहे. माझ्या मशीनवर चालतो. जमत नसेल तर चालता हो इथून.”

“बरं,” लोयझा म्हणाला. फक्त ‘बरं’.

मला वाटलं, आता हा शेपूट घालेल. आणि खरं सांगायचं तर, घालावं असंही मला वाटलं. या दोघांखेरीज त्याला कुणी नाही. शाळेत त्याला मुलं ‘ओ काका’ म्हणतात आणि मास्तर लोक काहीच म्हणत नाहीत. शनिवार गेला की उरतं काय? मी आणि तो गळणारा नळ.

पण तो उठलाही नाही आणि वाकलाही नाही. तो चिखल बंद करायला बसला.

आधी त्याने तोडणीची यंत्रं थांबवली, एकेक करून. मग पट्ट्यांवर जेवढी फळं होती तेवढी पुढे जाऊ दिली, त्यांचा लगदा होऊ दिला, लगद्याचं खाद्य होऊ दिलं. अंडी उचलून तो भट्टीत टाकत होता. एका कोपऱ्यातलं यंत्र रिकामं झालं की ते बंद करून पुढच्या यंत्राकडे.

“काय चाललंय?” रादिम म्हणाला. “वायर ओढ आणि मोकळा हो! असं बंद कोण करतं?”

“अंडी आहेत,” लोयझा म्हणाला. “असंच सोडलं तर फुटतील. उद्या तू गुस्तावला इथे पाठवशील. त्याच्या अंगावर येतील.”

“मी? मी नाही जाणार तिथे,” गुस्ताव म्हणाला, आणि या वेळी हसला नाही. त्याने आपला लाव्हा तसाच सोडला. मग खुर्ची उचलून लोयझाच्या शेजारी आणून ठेवली. “ते डावीकडे एक राहिलंय बघ,” तो म्हणाला.

“बघितलंय.”

“आपल्याकडे शेवटच्या दिवशी रोलमध्ये तापून लाल झालेला पोलादाचा पाट होता,” गुस्ताव माझ्याकडे न पाहता मला सांगू लागला. “वरून फोन आला, वीज तोडा. मी क्रेनवरून ओरडलो की तो बाहेर तरी काढू द्या. नाही काढू दिला. तिथेच थंड झाला, रोलच्या दातात. अजून आहे. कबुतरं बसतात त्याच्यावर.”

“फोन मी नव्हता केला,” रादिम म्हणाला.

“तू घेतला होतास,” गुस्ताव म्हणाला.

रादिम बाहेर निघून गेला. थोड्या वेळाने लाकडं फोडल्याचा आवाज येऊ लागला. सरपणाची मोठी चळत आधीच रचलेली होती, पण तो फोडत राहिला. मुकादमाला हाताखाली माणूस नसला की असंच होतं.

मी भांडी घासली. वाळवली. फडताळात लावली. तरी लोयझाचं चाललंच होतं. दुपारभर एक मोठा माणूस खोटी फळं खोट्या यंत्रांना शेवटची भरवत होता आणि दुसरा मोठा माणूस त्याला राहिलेलं बोटाने दाखवत होता. मूर्खपणाच. मी आजही त्याला मूर्खपणाच म्हणते. पण जंगलात अळंबी गोळा करायला जायचं म्हणून मी घेतलेली टोपली हातात तशीच राहिली आणि मी दोघांच्या मागे उभी होते.

एकामागून एक दिवे विझले. पट्टे रिकामे झाले. शेवटच्या यंत्रातून दोन-चार बाटल्या निघाल्या, त्या त्याने एका पेटीत ओळीने ठेवल्या. आता स्क्रीनवर फक्त पाणी होतं आणि कसले तरी किडे किरकिरत होते. काठावरची झाडं मात्र फळांनी लगडलेली होती.

“आणि ही?” मी झाडांकडे बोट केलं. “ही सगळी कुजणार ना आता?”

“नाही,” लोयझा म्हणाला. “झाडावर आहेत तोवर नाही कुजत.”

स्क्रीनवरचा तो बोटभर माणूस त्याने घोटाभर पाण्यातून चालवत नेला, या झाडापासून त्या झाडापर्यंत. काही तोडलं नाही. शेवटच्या झाडापाशी त्याला उभं केलं, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग आवाज न करता कॉम्प्युटरचं झाकण मिटलं.