न बोललेले तिघे

अ‍ॅलेन सरांनी कोटाच्या खिशातून मेणकागदाची पुडी काढली, पेरूच्या वडीचा एक तुकडा इयान्थीच्या बशीत ठेवला आणि बशीतली कोळंबी उचलून स्वतः खाल्ली.

"आईनं दिलीय तुझ्या. विमानतळावरचा तपासणीवाला बाबा हुंगत बसला होता. म्हटलं, हवी तर खा, पण उरलेली परत दे."

इयान्थी हसली. अ‍ॅलेन सर तिच्या बेटाचे अर्थसचिव. त्याआधी शाळेत तिला गणित शिकवायचे, आणि अजूनही तिच्याकडे फळ्यावरचं उत्तर तपासावं तसे बघायचे. ती काम करायची त्या, देशांना कर्ज देणाऱ्या संस्थेच्या वार्षिक सभेसाठी वॉशिंग्टनला आले की तिला भेटल्याशिवाय जात नसत. मेजवानीच्या दालनाच्या टोकाला कुणीतरी माइकवर जागतिक कर्जव्यवस्थेच्या सुधारणेवर बोलत होतं. छोट्या देशांचा आवाज ऐकला गेला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते कुणीच ऐकत नव्हतं.

"बरं, ते तिघे कोण?" सरांनी विचारलं.

"कोण तिघे?"

"फोनवर म्हणालीस ना, आपल्या बाजूनं तिघे बोलले म्हणून. हात मिळवून येतो. आपण गरीब असू, उद्धट नाही."

बोललं कुणीच नव्हतं. या संस्थेत लहानसहान विषय बैठकीत येतच नाहीत. कागद सगळ्या संचालकांकडे फिरतो आणि ठरल्या दिवशी पाच वाजेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, तर सगळ्यांची संमती आहे असं धरतात. बेटाचं दरडोई उत्पन्न वाढलं आहे, सबब यापुढे त्याला स्वस्त व्याजाचं कर्ज मिळणार नाही, हा असाच एक लहानसा विषय होता. वादळात उडालेलं इस्पितळाचं छप्पर त्याच कर्जातून व्हायचं होतं. एका संचालकाच्या कार्यालयाची एक हरकत आली असती, तरी विषय बैठकीत गेला असता. इयान्थी ज्या संचालकांची सल्लागार होती, ते डझनभर देशांच्या वतीनं बोलत. "तुझं बेट आहे, तूच ठरव," म्हणून त्यांनी हात झटकले होते.

तिनं हरकत लिहून तयार ठेवली होती. पण तो प्रस्ताव ज्या विभागाचा, त्याच विभागात तिची कायम नोकरीची मुलाखत त्या आठवड्यात होती. ती खुर्चीत बसून राहिली आणि पाच वाजून गेले. नंतर सरांचा फोन आला, "कुणी बोललं का गं आपल्यासाठी?" आणि तिच्या तोंडून "तीन जण" असं निघून गेलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं तिनं स्वतःला समजावलं. पण ते खरं नव्हतं. तिला स्वतःची लाज झाकायची होती.

"एक थोर्स्बी," ती म्हणाली. समोर दिसलेल्या पहिल्या माणसाचं नाव होतं ते. उत्तरेकडच्या श्रीमंत देशांचे संचालक. "बाकीचे आज आलेले नाहीत."

तिनं अडवायच्या आत सर निघालेही. थोर्स्बी आपल्या देशाच्या मंत्रीणबाईंबरोबर उभे होते. सरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"आमच्या कर्जाच्या विषयात तुम्ही आमची बाजू मांडलीत. आमच्या बेटावर कुणी विसरणार नाही."

थोर्स्बींचा चेहरा निमिषभर कोरा झाला. मग त्यांनी इयान्थीकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर छान ऊबदार हसू आलं.

"अहो, त्यात काय! तुमचं म्हणणं रास्तच होतं. चर्चाही चांगली झाली. आमच्या देशाचं धोरणच आहे ते."

मंत्रीणबाईंनी कौतुकानं मान हलवली. थोर्स्बींनी इयान्थीकडे बघत पेला किंचित वर केला. आपल्यातल्याच माणसाला ओळख द्यावी तसा. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर पायऱ्यांवर गार वारा होता. सर खुशीत होते.

"भला माणूस. आणि तुझं काय, नोकरीचं?"

"मिळाली. सोमवारपासून."

"शाबास, पोरी! आईला मीच सांगतो." मग ते जरा थांबले. "आता सांगायला हरकत नाही. ती गेल्या महिन्यात दोन रात्री इस्पितळात होती. छातीत पाणी झालं होतं. घाबरू नकोस, आता बरी आहे. तिच्या खाटेवर ताडपत्री बांधली होती. पाऊस आला की नर्सबाई बादली सरकवायची आणि तुझी आई तिला म्हणायची, जरा डावीकडे घे."

ते हसले. इयान्थीला हसता आलं नाही.

"मला का नाही कळवलंत?"

"तीच नको म्हणाली. पोरगी तिथे आपल्यासाठी भांडतेय, तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा." सरांनी कोटाची बटणं लावायला घेतली. "फेरविचार मागायचं डोक्यात होतं माझ्या. न बोलता मंजूर झालेला विषय महिन्याच्या आत कुणीही संचालक पुन्हा काढू शकतो म्हणे. उद्या शेवटचा दिवस. पण आपल्या विषयावर तर बैठकीत चर्चा होऊन गेलीय, आणि चर्चा झालेला विषय तीन वर्षं निघत नाही. चल, टॅक्सी बघ."

टॅक्सी समोरच उभी होती. तिनं हात केला नाही.

"सर, कुणी बोललं नाही."

"काय?"

"चर्चा झालीच नाही. कुणी हरकतच घेतली नाही. मला घ्यायची होती आणि मी घेतली नाही. नोकरीसाठी."

सरांचे हात बटणावर थांबले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"आणि हा माणूस?" ते म्हणाले. "थोर्स्बी?"

"त्यांना विषय आठवतही नसेल."

"पण मंत्रीणबाईंच्या देखत हो म्हणाला." सर हिशेब मांडावा तसे सावकाश बोलत होते. "चर्चा चांगली झाली म्हणाला. मग उद्या त्यालाच काढू दे विषय. आता नाही म्हणायला तोंड नाही त्याला."

"मीपण येते आत. मी सांगते त्यांना, फेरविचाराचा अर्ज माझ्या सहीनं—"

"नको." त्यांनी तिच्याकडे न बघता दार ढकललं. "तुम्हाला सोमवारी रुजू व्हायचंय, मिस प्रेव्हो. तुम्ही कशाला यात पडता."

आजवर त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. शाळेत नापास झाली तेव्हाही नाही.

दाराच्या काचेतून तिला ते दिसत होते. गर्दीतून वाट काढत ते थोर्स्बींपाशी पोचले, त्यांचा हात पुन्हा दोन्ही हातांत घेतला, आणि या वेळी सोडला नाही. थोर्स्बी दाराकडे बघू लागले. ती काचेसमोरून बाजूला झाली नाही.