सुभद्राबांची अठ्ठाई

पर्युषण लागलं आणि सुभद्राबांनी अठ्ठाई धरली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. त्यात औषधही बंद. एकदा ठरवलं की बा कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

होळीला झालेली नागीण बरी झाली, पण बरगड्यांतली आग काही जाईना. पदर घासला तरी बा कळवळायच्या. पालनपूरच्या डॉक्टरांनी दिवसाला तीन कॅप्सूल दिल्या आणि सुनेला, जिगीषाला बाजूला घेऊन बजावलं, "ही फिटची औषधं, नसांच्या दुखण्यावरही चालतात. पण एकदम थांबवायची नाहीत. मला विचारून, हळूहळू. एकदम सोडली तर कधी न आलेल्यालाही फिट येऊ शकते."

फिटचं नाव काढलं तर बा कॅप्सूलला शिवणार नाहीत, म्हणून जिगीषाने ते वाक्य गिळलं. आता सांगायचं तर अठ्ठाई मोडायची. तपात आडवं येणाऱ्याला अंतरायाचं पाप लागतं, हे तिला माहेरीच पढवलेलं. ती भ्याली.

तिसऱ्या दिवशी बांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले.

"बा, एक तरी कॅप्सूल घ्या ना."

"वहू, अंतराय पाडतेस? आग होतेय ती कर्मं जळतायत म्हणून. जा, पाणी उकळ."

चौथ्या दिवशी सकाळी जिगीषाला राहवेना. ती उपाश्रयात जाऊन, बांना अठ्ठाईचा नियम देणाऱ्या साध्वीजींपुढे रडली.

"औषध चालू होतं?" साध्वीजी चमकल्या. "आधी बोलली असतीस तर मी हा नियम दिलाच नसता. पळ, पारणं करव आणि डॉक्टरांना गाठ. माझं नाव सांग."

ती धापा टाकत घरी आली. गल्लीतल्या बायका बांभोवती बसल्या होत्या. बांच्या हातातली माळ गदगदा हलत होती.

"काय भक्तीचा भाव चढलाय बाई!" शेजारच्या चंपाबेननी हात जोडले.

माळ गळून पडली. बांचे डोळे फिरले, अंग ताठ झालं, झटके सुरू झाले. कुणीतरी दातांत घालायला चमचा आणला.

"तोंडात काही घालू नका!" जिगीषा ओरडली. "कुशीवर वळवा! गाडी बोलवा!"

"अगं, पण झालं काय हे?"

"त्यांच्या कॅप्सूल एकदम बंद करायच्या नव्हत्या. फिट येते."

चंपाबेनचे जोडलेले हात खाली आले.

"तुला ठाऊक होतं?"

"हो," जिगीषा म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."