बंदरात शिरताना कुठे बसावे

चार पाय, चार आडव्या पट्ट्या, वरची एक फळी, सोळा स्क्रू आणि फळीच्या मधोमध हात घालून उचलण्यासाठी एक लांबट भोक. उंची पंचेचाळीस सेंटिमीटर, वजन सहा किलो चारशे ग्रॅम. मित्रांनो, एवढे सगळे मिळून मी होते. मी एक जुने लाकडी स्टूल आहे आणि जबलपूरच्या एका मराठी घरात राहते.

माझे लाकूड आधी पेट्यांचे होते. रत्नाकरराव इथल्या एका संरक्षण कारखान्यात नोकरीला होते. कारखान्यातल्या रिकाम्या पेट्यांचे लाकूड लिलावात निघे. ते आणून घरात पलंग, फळ्या, देव्हारा करून घेण्याची कारखान्याच्या वसाहतीची जुनी रीत. रत्नाकररावांनी ते लाकूड गोहलपुरातल्या एका सुताराकडे नेले आणि आपल्या पत्नीसाठी, शैलजाबाईंसाठी, मला बनवून घेतले. शैलजाबाई नेपियर टाउनमधल्या एका शाळेत भूगोल शिकवत. त्यांची उंची एकशे बेचाळीस सेंटिमीटर. फळ्याच्या वरच्या भागापर्यंत त्यांचा हात पोहोचत नसे.

मी शाळेत एकोणतीस वर्षे काम केले. जगाचा नकाशा काढताना दक्षिण गोलार्ध त्या जमिनीवरून काढत आणि उत्तरेकडे जाताना माझ्यावर चढत. तेवढ्यात मागच्या बाकावरून हळूच आवाज येई, "मैडम उत्तरी ध्रुव जा रही हैं!" वर्ग हसे. शैलजाबाई पाठमोऱ्याच म्हणत, "स्वेटर लेकर जा रही हूँ, तुम लोग पढ़ो."

दरवर्षी आठवीच्या वर्गात नैसर्गिक बंदराचा धडा येई. शैलजाबाई कोचीचा किनारा काढत आणि खडूने दाखवत की समुद्राकडचे तोंड अरुंद असते, आत मात्र पाण्याला भरपूर जागा असते, म्हणून वादळात जहाजे सुखरूप राहतात. एकदा एका मुलीने विचारले, "मैडम, आपने देखा है?" शैलजाबाईंनी खरे उत्तर दिले, "नहीं बेटा." तोंड अरुंद असते हे वाक्य त्यांनी पुढेही दरवर्षी शिकवले, पण प्रत्येक वेळी 'अरुंद' या शब्दाशी क्षणभर थांबत. मला ते त्यांच्या तळपायांतून कळे.

त्या निवृत्त झाल्या आणि मीही घरी आले. रत्नाकरराव तोवर हयात राहिले नव्हते. मला गच्चीवर कूलरखाली ठेवले. सहा उन्हाळे माझ्यावर पाणी ठिबकले, फळीवर गंजाचे तपकिरी कडे उमटले. तक्रार म्हणून हे सांगत नाही. कूलरलाही कोणीतरी उचलून धरायला हवेच होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाला, सुमेधला, रजा मिळाली. तो रेल्वेच्या कार्यालयात आहे. त्याने आईला विचारले, "कुठे जायचं?" शैलजाबाई म्हणाल्या, "कोचीच्या बंदरात जहाजानं शिरायचं." म्हणून लक्षद्वीपला जाऊन परत यायचे ठरले. अडचण गुडघ्यांची होती. त्यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहता येत नव्हते, आणि डॉक्टरांनी पंचेचाळीस सेंटिमीटरपेक्षा खाली बसायला मनाई केली होती. सुमेधने आणलेले घडीचे स्टूल अडतीस भरले. मग शैलजाबाई गच्चीवर गेल्या आणि त्यांनी पट्टीने मला मोजले. मी बरोबर पंचेचाळीस भरले.

"आई, हा ओंडका घेऊन जाणार तू? लोक हसतील ना!" सुमेध म्हणाला.

"हसू दे. तू उचल फक्त."

त्यांच्या सुनेने, प्रतिमाने, मला घासून पुसले, सगळे स्क्रू आवळले आणि जवसाचे तेल लावले. त्या तेलाची मला अजून आठवण आहे.

जाताना मात्र आमची चूक झाली. जबलपूरच्या माणसाला जलप्रवास माहीत असतो तो भेडाघाटच्या होडीचा. संगमरवरी कड्यांमधून होडी जाते आणि पुढची फळी ज्याला मिळाली त्याने सगळे पाहिले, असा तिथला हिशेब. त्याच हिशेबाने सुमेधने कोचीहून निघताना मला जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला नेऊन ठेवले. तिथे कठड्याच्या जागी पोलादी भिंत होती. माझ्यावर बसल्यावर शैलजाबाईंचे डोळे एकशे अकरा सेंटिमीटरवर येत आणि ती भिंत होती एकशे वीस. बसल्या की त्यांना भिंतीचा पांढरा रंग दिसे. उभ्या राहिल्या की दुपारचे ऊन थेट डोळ्यांत आणि दोन्ही बाजूंना लोकांचे खांदे. बारा मिनिटांत गुडघे थरथरू लागले. त्या खाली बसल्या आणि बंदराचे तोंड मागे निघून गेले.

सुमेधचा चेहरा उतरला. शैलजाबाई एवढेच म्हणाल्या, "परत येताना एकदा मिळेल. एकदाच."

परतीच्या जहाजावर त्यांनी तो 'एकदाच' वाया न घालवण्याचे ठरवले. पर्समध्ये तीस सेंटिमीटरची पट्टी आणि वही होती. दुपारभर प्रतिमा मला एकेका जागी नेऊन ठेवी, शैलजाबाई बसत, पाहत, मोजत आणि लिहीत. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतक्या वेळा आणि इतक्या विचारपूर्वक कोणी ठेवले नव्हते.

सर्वांत वरच्या डेकवरून चारही दिशा दिसत होत्या, पण तिथे जायला सतरा उभ्या पायऱ्या होत्या आणि वाऱ्याने त्यांची शाल दोनदा उडाली. उजवीकडच्या बाजूला जीवरक्षक होडी टांगलेली होती. अर्धे पाणी तिनेच झाकले होते. डावी बाजू मोकळी होती, पण तिथून एकच किनारा दिसला असता. जेवणाच्या खोलीत खुर्च्या मऊ होत्या, काचेवर मात्र मिठाचा थर होता. तो बाहेरून होता, त्यामुळे पुसताही येईना.

शेवटी आम्ही जहाजाच्या मागच्या टोकाला गेलो. तिथे इंजिनाचा आवाज होता, डिझेलचा थोडा वास होता आणि माणूस एकही नव्हता. कठडा आडव्या गजांचा होता. शैलजाबाई बराच वेळ बसून राहिल्या.

"प्रतिमा, सकाळी आपण पूर्वेकडे जाणार. पुढे बसलं तर सूर्य डोळ्यांत. इथे तो आपल्या पाठीशी राहील. आणि तोंड ओलांडलं की दोन्ही किनारे एकाच वेळी समोर."

"म्हणजे आई, जायचं पुढे आणि बघायचं मागे?"

"तोंड अरुंद आहे हे तोंडात उभं राहून कसं कळेल गं? आत जाऊन वळून बघायला पाहिजे."

एक अडचण उरली. सर्वांत वरचा गज एकशे दहावर होता, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत, आणि क्षितिज नेमके त्याच्यामागे लपत होते. प्रतिमाने घोंगडी चार पदरी घडी करून माझ्यावर घातली. डोळे एकशे सोळावर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही तिथे पोहोचलो तर खलाशांचा मुकादम आडवा आला. कठड्याजवळ सुटी वस्तू ठेवायची नाही, असा जहाजाचा नियम. "कुर्सी उड़ जाता है, अम्मा. पानी में जाता है," असे म्हणत त्याने मला दोन बोटांनी उचलायला घेतले. मी हलले नाही. मग त्याने भोकात पूर्ण हात घातला, मला वीतभर उचलून तोलून पाहिले आणि हसत खाली ठेवले. "अय्यो! ये नहीं उड़ेगा." तरीही नियम तो नियम. त्याने दोरी आणून माझा एक पाय कठड्याच्या खांबाला घट्ट बांधला आणि शैलजाबाईंना हाताने खूण केली, बसा. ज्या वजनाची मला जन्मभर लाज वाटत आली, त्यानेच मला तिथे राहू दिले. मी त्या माणसाची आणि गोहलपूरच्या सुताराची ऋणी आहे.

तेवढ्यात सुमेध धावत आला. त्याने सहा वाजल्यापासून टॉवेल टाकून वरच्या डेकवर पुढची जागा धरली होती.

"आई, सगळे पुढे जाऊन राहिले आणि तू इथे काहून बसली? चल, मी तुला उचलून नेतो. बंदर तिकडे आहे!"

"बंदर चारी बाजूंना असतं, सुमेध. आठवीत शिकवलं होतं मी तुला."

"आठवीत भूगोलात छत्तीस मार्क होते माझे."

"दिसून राहिलं ना ते!"

प्रतिमा हसली. सुमेध मात्र हसला नाही. "आई, यावेळीही दिसलं नाही तर?" त्याचा आवाज बारीक झाला होता. शैलजाबाईंनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. तो डेकवर गुडघे टेकून ताठ राहिला आणि त्याचे डोळे आईच्या डोळ्यांच्या उंचीवर आले.

जहाज तोंडातून आत शिरले. उजव्या डोळ्याच्या कडेने एक किनारा आला, डाव्या डोळ्याच्या कडेने दुसरा. मासेमारीची चिनी जाळी, चर्चचे कौलारू छप्पर, छोट्या होड्या, सगळ्यांवर सकाळचे स्वच्छ ऊन. मग ते दोन किनारे जहाजामागे, आमच्या डोळ्यांसमोर, एकमेकांकडे सरकू लागले आणि दोन्ही बाजूंना पाणी पसरत गेले.

"अरे!" सुमेध म्हणाला. "आई, हे तर तुझ्या फळ्यावरचं आहे!"

शैलजाबाईंनी पट्टी काढायला पर्स उघडली. त्यांचे गुडघे स्थिर होते. ते मला नक्की माहीत आहे.

मित्रांनो, मला या जन्मात फार मिळाले. तेल मिळाले, दोरी मिळाली, जागा मिळाली. तुमच्याही घरात एखादी जुनी जड वस्तू असेल. वर्षातून एकदा तिचे स्क्रू आवळा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुठे बसवायचे असेल, तर आधी स्वतः तिथे बसा आणि तिथून काय दिसते ते पाहा.

शैलजाबाईंनी पट्टी हात लांब करून डोळ्यांसमोर आडवी धरली. आधी दूर गेलेले तोंड मोजले, मग आतले पाणी, एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पट्टी पुढे पुढे सरकवत. त्या आकडे सांगत गेल्या आणि सुमेधने ते वहीत लिहिले.

तोंड: चौदा सेंटिमीटर. आतले पाणी: एकशे अठरा सेंटिमीटर.